तीन रंगांची कामं आधी वाटून घे

पत्र :

काकी, सप्रेम नमस्कार. डिचोली बाजाराजवळ आमच्या आजोबांची जुनी जागा आहे. तिथं दसऱ्याला मी कपड्यांचं दुकान सुरू करतेय. तयार कुर्ते, शिवून दिलेले ब्लाउज, खणाच्या पिशव्या आणि थोड्या सुती साड्या ठेवणार आहे. ‘ब्रँडला तीनच रंग असावेत’ असं धाकट्या भावानं कुठंतरी वाचलं आणि मोबाइलवर बघून मरून, मोरपंखी आणि हळदी पिवळा असे तीन रंग काढून दिले. मला ते फार आवडले. म्हणून एक भिंत मरून केली, एक मोरपंखी, एक पिवळी. बोर्डाचा नमुनाही तसाच आहे, मोरपंखीवर मरून अक्षरं आणि भोवती पिवळी चौकट. आता आत गेलं की डोळे दमतात आणि टांगलेला कपडा दिसतच नाही. आई म्हणते, सगळं पांढरं करून टाक. भाऊ म्हणतो, तीन रंगांचा नियम मोडायचा नाही. शिवाय साडीवर काय शोभेल असं गिऱ्हाइकानं विचारलं की मीच गोंधळते. तीनच रंग हे खरंच पाळायचं असतं का?
— डिचोलीची एक वाचक

उत्तर :

बाय, तुझं पत्र वाचून आनंद झाला. आजोबांची जागा पुन्हा उघडते आहे, आणि तीही सुईदोऱ्याच्या कामासाठी. तुझ्या भावाचं कौतुक वाटलं. त्यानं निवडलेले तिन्ही रंग चांगले आहेत. घोळ झालाय तो वाटपात. तिघांनाही तू सारखा हिस्सा दिलास, त्यामुळे बघणाऱ्याला त्यातला मुख्य कोण ते कळत नाही.

घरांची आतली सजावट करणारे लोक ‘साठ-तीस-दहा’ असं एक माप वापरतात. दिसणाऱ्या जागेपैकी साधारण साठ टक्के एक रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के तिसरा. टेप लावून मोजायचं हे माप नव्हे, अंदाजाचं आहे. पासष्ट-तीस-पाच झालं तरी काही बिघडत नाही. महत्त्वाचं इतकंच की एक रंग सगळं सावरून धरतो, दुसरा त्याला जोडी देतो आणि तिसरा मोजक्या जागी दिसून नजर तिथं नेतो. तीन रंगांचा नियम म्हणून जे सांगतात त्याचा जीव या वाटपात आहे. तुझ्या भावानं आकडा बरोबर वाचला, पुढचा भाग बहुतेक राहून गेला.

सारखी वाटणी झेंड्यावर शोभते. आपला तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं स्वीकारला. त्यात केशरी, पांढरा, हिरवा या तिन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या आहेत, आणि नजर ठरावी म्हणून मधल्या पांढऱ्यावर गडद निळं चक्र आहे. फ्रान्सच्या आरमारी झेंड्याचं तर आणखी विशेष. त्यातल्या निळ्या, पांढऱ्या, तांबड्या पट्ट्या मुद्दाम ३०, ३३ आणि ३७ या प्रमाणात कमी-जास्त ठेवतात, म्हणजे समुद्रावर फडकताना त्या लांबून सारख्या दिसतात. पण झेंडा दुरून क्षणात ओळखायचा असतो. तुझ्या दुकानात बाई अर्धा तास उभी राहणार, चार कपडे अंगाला लावून बघणार. तिथं तीन भिंती तीन बाजूंनी ओरडायला लागल्या तर तिनं कपडा बघायचा कसा?

हे वाटप तुला नवीन नाही, हे मात्र मला सांगायचंय. तू साड्यांमध्ये वाढलीस. गर्द हिरव्या सुती साडीला मरून काठ असतो, तेव्हा अंगाचा हिरवा साठ टक्के झाला आणि काठ-पदर मिळून मरून तीस टक्के झाला. तीच साडी नेसून बाई देवळात जायला निघते आणि अंबाड्यावर आबोलीचा वळेसर माळते. तो आबोली रंग साऱ्या वेशात चिमूटभरच असतो, तरी लोकांची नजर पहिली जाते ती तिथंच. आबोली रंगाचीच साडी, त्याच रंगाचा ब्लाउज आणि वर तोच गजरा असं केलं असतं तर गजरा कुणाला दिसला असता? तुझ्या दुकानात हळदी पिवळ्यानं हे गजऱ्याचं काम करायचं. आणि तू त्याला अख्खी भिंत देऊन बसलीस.

आता डोळे का दमतात ते सांगते, कारण याचं उत्तर कापडाच्याच धंद्यातून आलेलं आहे. मिशेल युजेन शेव्रल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. १८२४ पासून ते पॅरिसच्या गोबलें या राजाश्रयाच्या विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख होते. तिथल्या रंगांबद्दल तक्रारी येत. त्यातली एक अशी की निळ्या-जांभळ्याशेजारी विणलेला काळा धागा फिका, मेलेला दिसतो. शेव्रल यांनी दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी तो ताडून पाहिला. काळा रंग पक्का होता, त्यात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. दोन रंग एकमेकांना टेकले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हे त्यांनी पुढं बारकाईनं तपासलं आणि १८३९ साली ग्रंथरूपानं मांडलं.

तुझा मरून हा तांबड्याच्या घरातला आणि मोरपंखी निळ्या-हिरव्याच्या. रंग वर्तुळात मांडतात त्या रंगचक्रात हे जवळपास समोरासमोर येतात. टेकवले की मरून अधिक तांबडा वाटतो, मोरपंखी अधिक हिरवट-निळा वाटतो, आणि दोघांच्या मधली कड थरथरल्यासारखी दिसते. कोपऱ्यात जिथं तुझ्या या दोन भिंती मिळतात तिथं दोन मिनिटं बघत राहा, म्हणजे कळेल.

यावरचा तोडगा तुला पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीत बघायला मिळेल. एखाद्या सकाळी कदंबा बस धर आणि जाऊन ये, ही माझी आग्रहाची विनंती समज. तिथं एक घर पिवळं, शेजारचं निळं, त्यापुढचं तांबडं असं चाललेलं असतं, आणि तरी गल्लीत उभं राहिलं की बरं वाटतं. नीट बघ. दारं-खिडक्यांच्या भोवती, कोपऱ्यांवर, छपराखाली बहुतेक घरांना पांढरे पट्टे आहेत. घराच्या अंगाचा एक रंग, पांढरी कड आणि वर कौलांचा तांबूस रंग, इतकाच संसार. दोन भडक रंगांच्या मध्ये ती पांढरी कड उभी राहते म्हणून ते एकमेकांवर चढत नाहीत. चांगल्या साडीत काठ आणि अंगाच्या मध्ये जरीची बारीक रेघ असते, तीही हेच काम करते. तेव्हा कुठंही मरून आणि मोरपंखी एकत्र आणावेच लागले तर मध्ये बोटभर पांढरा किंवा साय रंग सोड.

आईचं म्हणणं मला निम्मं पटतं. सगळं पांढरं केलंस तर दुकानाला चेहरा राहणार नाही, हे खरं. पण भिंती शांत हव्यात, हे तिचं बरोबर आहे. तुझ्या दुकानात खरे रंग कपड्यांचे आहेत. रोज नवे येणार, विकून जाणार. भिंतीनं त्यांच्या मागं उभं राहायचं. म्हणून माझा सल्ला असा की तिन्ही भिंतींना साय रंग दे, म्हणजे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा. शुद्ध पांढरा नको. ट्यूबलाइटखाली तो निळसर मारतो आणि त्यापुढं सुती कपडा मळका दिसतो. मरूनला तीस टक्क्यांचं काम दे. त्यात काउंटर, कपाटांच्या चौकटी, ट्रायल रूमचा पडदा, बोर्डाची पार्श्वभूमी येईल. हळदी पिवळा अगदी मोजक्या जागी ठेव. बोर्डावरचं नाव, किमतीच्या टॅगची दोरी, काउंटरमागची एखादी फळी, बस्स.

आणि मोरपंखीला सोडून दे. भावाला वाईट वाटेल, पण त्याला समजावून सांग की मोरपंखी कुर्ते तू वर्षभर विकणार आहेस, तो रंग दुकानात कायम नांदेल. ओळख म्हणून मात्र साय, मरून आणि हळद. साय धरली की तुझे तीन पुरे होतात. पांढरा आणि काळा रंगांत मोजायचे की नाही यावर लोक वाद घालतात. मी मोजते, कारण भिंतभर पांढरा हा डोळ्यांसाठी रंगच असतो. १९६५ साली फॅशन डिझायनर इव्ह सॅं लोराँ यांनी पीट मोंद्रियान यांच्या चित्रांवरून केलेले झगे प्रसिद्ध आहेत. लोक त्यांचं वर्णन ‘तांबडा, निळा, पिवळा’ असं करतात. त्या झग्यांचे फोटो शोधून बघ. त्यातल्या सगळ्यांत ओळखीच्या झग्यात पांढऱ्याचीच जागा मोठी आहे, आणि काळ्या पट्ट्या रंगांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात. तो पांढरा काढला तर झगा उभाच राहणार नाही.

बोर्डाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पैसे तिथं खर्च होतात आणि नंतर बदलता येत नाही. मोरपंखीवर मरून अक्षरं कृपा करून करू नकोस. दोन्ही रंग वेगवेगळे असले तरी दोघांचा गडदपणा जवळपास सारखा आहे, आणि अक्षर वाचताना डोळा आधी उजेड-अंधाराचा फरक पकडतो. वेबसाइटची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था लहान अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ इतका उजेडाचा फरक मागते. हे माप पडद्यासाठीचं असलं तरी अंदाजाला उपयोगी पडतं. संगणकावरचा ठरीव मरून आणि ठरीव मोरपंखी घेतला तर दोघांमधला फरक जेमतेम २.३ भरतो. तोच मरून पांढऱ्यावर ठेवला तर जवळपास ११ भरतो, आणि पिवळी अक्षरं मरूनवर ठेवली तर १० च्या वर जातो. आणि पांढऱ्यावर शुद्ध पिवळा? फक्त १.०७. म्हणजे साय रंगाच्या कार्डावर पिवळ्यात फोन नंबर छापलास तर तो कुणी वाचणार नाही. पिवळी अक्षरं गडद मरूनवरच शोभतील.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. नमुन्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा कर. अक्षरं तरीही ठसठशीत दिसली तर नमुना पास. लाल-हिरव्या रंगांत फरक न कळणारी माणसं असतात, पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरीच जास्त. त्यांनाही तुझा बोर्ड मग वाचता येईल. हीच परीक्षा दुपारी बारा वाजता रस्त्यापलीकडून उभं राहून पुन्हा कर. आपल्याकडच्या उन्हात फिके, नाजूक रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात. मोबाइलवर गोड वाटलेला पिस्ता रंग डिचोलीच्या दुपारी पांढराच वाटतो.

फ्लेक्सचा बोर्ड दक्षिणेकडे तोंड करून लावलास तर त्यावरचा तांबडा लवकर उडेल. साध्या छपाईत तांबडेपणा ज्या मॅजेंटा आणि पिवळ्या शाईतून येतो त्या उन्हाला बहुधा आधी हार खातात. परवडत असेल तर पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवून घे. डिचोलीत नाही तर म्हापशाला अजून हातानं अक्षरं काढणारे पेंटर सापडतील. बाहेरची भिंत पाऊस पूर्ण सरल्याशिवाय रंगवू नकोस, ओल आत राहते आणि पुढच्या वर्षी पोपडे धरतात. जोत्यापासून दोनेक फूट पट्टा मरूनच ठेव. आपल्याकडं तांबडी माती पावसात उडून भिंतीवर बसते, ती गडद पट्ट्यावर दिसत नाही. जुन्या घरांना खालचा पट्टा गडद असायचा तो काही उगाच नव्हे.

पिशव्या आणि टॅग यांचं थोडक्यात सांगते. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग होतं. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि वेगळा हात फिरवावा लागतो, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. कोऱ्या सुती पिशवीचा स्वतःचा रंग हाच तुझा साय रंग आहे. त्यावर मरूनचा एकच छाप घे आणि बंद हळदी रंगाचे शिव. एका स्क्रीनच्या पैशात तिन्ही रंग आले. कार्ड छापखान्यात चार शायांत छापलं जातं, आणि मोबाइलचा पडदा उजेडानं रंग दाखवतो. पडद्यावर चमकणारे काही रंग कागदावर उतरतच नाहीत. म्हणून मोबाइलवर बघून ‘ठीक आहे’ म्हणू नकोस, छापलेला नमुना हातात घे. एका वहीत मरून कापडाचा तुकडा, भिंतीच्या रंगाच्या शेड कार्डावरचा नंबर आणि छापलेलं कार्ड चिकटवून ठेव. पुढच्या वर्षी दुसऱ्या पेंटरला बोलावशील तेव्हा ही वही दाखवता येईल.

तिसरा रंग सणापुरता बदलायला हरकत नाही. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतात तेव्हा तिच्यातही हिरव्याचं राज्य असतं आणि पिकल्या सुपारीचा केशरी रंग मध्येच उठून दिसतो. तेवढ्या दिवसांसाठी हळदीच्या जागी केशरी आण, नाताळात गर्द हिरवा आण. साय आणि मरून मात्र हलवू नकोस. रंग रोज त्याच जागी दिसला की लोक ओळखायला लागतात. भाड्यानं मागं बसवून नेणाऱ्या आपल्या मोटारसायकल पायलटचंच बघ ना. पुढचं पिवळं मडगार्ड दिसलं की गर्दीतही हात वर होतो. एकच रंग, पण ठरलेल्या जागी. तीन रंग हा काही कायदा नव्हे. गूगलचा लोगो चार रंगांत आहे, आणि टिफनी या अमेरिकन सराफांना एक निळा डबा पुरतो. नवीन दुकानाला तीन सोयीचे पडतात, कारण त्यांत कामं नीट वाटली जातात आणि खर्चही आटोक्यात राहतो.

राहिलं गिऱ्हाइकाला सांगणं. तिची साडी काउंटरवर पसर आणि तिच्यात सगळ्यांत कमी दिसणारा रंग शोध. काठातली बारीक रेघ असेल, बुट्टीतला एखादा धागा असेल. ब्लाउज त्या रंगाचा सुचव. अंगाच्याच रंगाचा ब्लाउज सुरक्षित असतो, पण तो साडीत बुडून जातो. दागिना अंगभर असेल तर सोन्याचा रंगही तीनमध्ये धर. मग पर्स, चप्पल, ओढणी यांत चौथा रंग काढू देऊ नकोस. कुर्त्यांचंही हेच. कुर्ता एक रंग, सलवार दुसरा, आणि तिसरा ओढणीच्या काठात किंवा गळ्याच्या पायपिंगमध्ये. तिसरा रंग एक-दोन जागी आला की पुरे.

चौकटींच्या साडीसाठी वेगळी काळजी घे. आपली कुणबी साडी घे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा मानानं लोकांपुढं आणलं, आणि आता तुझ्याकडंही मुली ती मागतील. जवळून बघितलं तर तांबड्या आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या चौकटी स्वच्छ वेगळ्या दिसतात. चौकट बारीक असेल तर दहा पावलं मागं गेलं की दोन्ही दोरे डोळ्यांत मिसळतात आणि कापड फिकट तांबडं दिसायला लागतं. ब्लाउजचं कापड दोऱ्याशी जुळवलंस तर नेसल्यावर तो गडद, उपरा वाटतो. म्हणून जुळणी दुकानाच्या या टोकाहून त्या टोकाला कापड धरून कर. गिऱ्हाइकालाही मागं जाऊन बघायला सांग, त्यांना ते आवडतं.

आणि उजेडाचं बघ. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेली दोन कापडं दारात उन्हात नेली की वेगळी दिसतात, असं पुष्कळदा होतं. दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असली की प्रत्येक उजेडात ती वेगवेगळं वागतात. ब्लाउज परत आणणाऱ्या बायका बहुतेक याच कारणानं येतात. तुझा मोठा आरसा आत मोरपंखी भिंतीवर आहे असं तू पाठवलेल्या फोटोत दिसलं. ती भिंत या आठवड्यात साय रंगानं रंगवून घे आणि आरसा दारापाशी हलव, म्हणजे कापड निवडणारी प्रत्येक बाई ते दिवसाच्या उजेडात अंगाला लावून बघेल. बोर्डाचा नवा नमुना तयार झाला की पेंटरला आगाऊ पैसे देण्याआधी त्याचे दोन फोटो मला पाठव, एक दुपारच्या उन्हातला आणि एक दिवेलागणीनंतरचा.